बारा बायकांची एक बाई

माझ्या यंत्रानं माझ्या आईला बारा बायकांची एक बाई ठरवलं, तेव्हा मी बाणेरच्या ऑफिसात पेढे वाटत होते. पेढे त्या यंत्राच्याच वाढदिवसाचे होते. 'चाळणी' सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि 'बंदर' या आमच्या खेळातले भाव वर्षभर जागचे हलले नव्हते. असं जगात दुसऱ्या कुठल्या खेळाला जमलेलं नाही, असं आमचा प्रमुख निनाद नुकताच सगळ्यांसमोर म्हणाला होता. निनाद कौतुकाच्या बाबतीत चिक्कू माणूस, त्यामुळे मी जरा हवेतच होते.

तेवढ्यात त्यानंच मला पडद्याजवळ बोलावलं. "ऋजुता, जयसिंगपूरचे मगदूम तुझ्यापैकी का गं?"

पडद्यावर चाळणीचा निकाल होता. जयसिंगपुरातली बारा खाती एकाच व्यक्तीची असल्याचं सिद्ध झालं आहे. खात्री पूर्ण. मुख्य खातं त्रिशला मगदूम यांचं. उरलेली अकरा खाती गोठवली असून त्यांची गलबतं, मिठागरं आणि वखारी मुख्य खात्यात जमा केल्या आहेत. दोन महिन्यांत कुणी वेगळेपण सिद्ध केलं नाही, तर ही अकरा खाती मालमत्तेसकट कायमची जाळली जातील.

त्रिशला मगदूम ही माझी आई. खालची अकरा नावं मी वाचत गेले. सुलभाकाकूंनी मला सायकल शिकवली होती. परवीनभाभींच्या ओट्यावर बसून मी पाढे पाठ केले होते. एकीचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जातो, दुसरीचा शेजारच्या खोलीतही जात नाही. आणि या सगळ्या मिळून एकच बाई आहे असं मी लिहिलेलं यंत्र पूर्ण खात्रीनं म्हणत होतं. हातातला पेढ्यांचा बॉक्स मी कुठे ठेवला, ते मला आजही आठवत नाही.

आता हे यंत्र काय करतं ते सांगायला हवं, नाहीतर आम्ही मूर्ख आहोत असं वाटेल. आम्ही मूर्ख नव्हतो.

खेळातलं अर्थकारण म्हणजे घरावरची पाण्याची टाकी. वरून नळ, खालून मोरी. 'बंदर'मध्ये खेळाडू मासे धरतात, मीठ पिकवतात, गलबतातून माल पोचवतात, की नळातून नाणी येतात. आमच्या नाण्याला शिंपला म्हणतात आणि तो बाजारात खऱ्या पैशाला विकता येतो. पण गलबताच्या बुडाला कालवं चिकटतात, शिडं फाटतात, धक्क्याचं भाडं भरावं लागतं, आणि त्यात गेलेले शिंपले कायमचे नष्ट होतात. ही मोरी. नळ मोठा झाला तर शिंपल्याला कुणी विचारत नाही; मोरी मोठी झाली तर खेळायला कुणी येत नाही. आधीचे असले खेळ बुडाले, कारण त्यांना मोरीच नव्हती. नव्या माणसाचा पैसा जुन्याला नफा म्हणून वाटायचा, आणि नवी माणसं यायची थांबली की दुकान बंद.

'बंदर'मधली प्रत्येक वस्तू ब्लॉकचेनवर ज्याच्या त्याच्या नावावर असते. म्हणजे ती नोंद एकाच वेळी हजारो संगणकांवर असते आणि आमच्या कंपनीलाही ती खोडता येत नाही. खेळाचे नियमही तिथेच कुलूपबंद, आणि चाळणीचे निकाल त्या नियमांनुसार आपोआप लागू होतात. ते बदलायचे तर खेळाडूंचं मतदान घ्यावं लागतं. लोक विश्वास ठेवतात ते याचमुळे. उद्या कंपनीच्या मनात आलं म्हणून कुणाचं गलबत जात नाही.

आमचा खरा शत्रू होता खातेशेतीवाला. हा माणूस कुठल्यातरी शेडमध्ये हजारो फोन मांडून हजारो खाती चालवतो, नळाखाली हजारो बादल्या लावतो, आणि मोरीत थेंबही जाऊ न देता सगळं विकून पसार होतो. बोटांचे ठसे मागितले तर ठसे भाड्यानं मिळतात. चेहरे मागितले तर चेहरेही मिळतात. तेव्हा मी वेगळा विचार केला. दोन माणसं कितीही जवळची असली तरी त्यांच्यात कुठेतरी हिशेब असतो. आज मी दिलं, उद्या तू दे. नवरा-बायकोतही असतो, भावाभावांत तर असतोच. पण माणूस एका खिशातलं दुसऱ्या खिशात टाकतो तेव्हा स्वतःशी हिशेब करत नाही, स्वतःचे आभार मानत नाही, परतफेडीची तारीख लक्षात ठेवत नाही. चाळणी नेमकं हेच बघते. खेळातल्या देवाणघेवाणीसोबत ती खेळाडूच्या संमतीनं त्याच्या फोनवरचे व्यवहार, बोलणं, जाणं-येणंही तपासते. जिथे हिशेब, तिथे दोन माणसं. जिथे हिशेबच नाही, तिथे एक. पहिल्याच महिन्यात तिनं देशभरातली खातेशेती उपटून काढली. मला बढती मिळाली ती उगाच नाही.

मी लगेच आईला फोन लावला. एरवी आमचा ठरलेला फोन रविवारी सकाळी असतो, त्यामुळे तिनं घाबरूनच उचलला.

"आई, काय केलंत तुम्ही सगळ्यांनी?"

"काय केलं म्हणजे? संक्रांतीचं वाण लुटलं की. प्रत्येकीनं आपापल्या वखारीचं दार उघडं टाकलं आणि म्हटलं, न्या गं काय पाहिजे ते. आज हिची वखार, उद्या तिची. रथसप्तमीपर्यंत चाललं होतं. त्यात काय चुकलं?"

मी डोकं धरून खाली बसले. चाळणीच्या नजरेनं बघा. बारा खाती, एकेका खात्याचं गोदाम उरलेली अकरा रिकामं करतात, किंमत शून्य, परतफेड शून्य, तक्रार शून्य. इतकी नागडी खातेशेती कुठल्याही शेडवाल्यानं केली नसती.

आणि हे वाण साधं नव्हतं. बाबा गेल्यापासून आमच्या सातव्या गल्लीत आईला हळदीकुंकवाचं बोलावणं येत नव्हतं. कुणी वाईट नव्हतं, पद्धत होती. बोलावलं तर तिलाच अवघड होईल अशी सगळ्यांनी सोयीस्कर समजूत करून घेतली होती. 'बंदर'मध्ये मात्र गलबताच्या मालकिणीला कपाळच नसतं. तिथं सुलभाकाकूंनी पहिलं बोलावणं आईला केलं आणि दुसरं परवीनभाभींना. समुद्र कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या या बायकांनी तिथं चांगलं नांदतं बंदर उभं केलं होतं. एकीनं त्यातून शिलाईचं दुकान टाकलं होतं, एकीनं मुलीला शिकवलं होतं. आणि खेळातल्या त्या हळदीकुंकवानंतर खऱ्या गल्लीतही आईकडे येणं-जाणं पुन्हा सुरू झालं होतं. दुपारी तिच्या घरी कुणी ना कुणी असायचंच.

"मग मी सगळ्यांचं सगळं लगेच परत देऊन टाकलं," आई सांगत होती. जयसिंगपूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. "तर तुझ्या त्या चाळणीनं फिरून माझ्यातच टाकलं. तीनदा दिलं, तीनदा परत. सुलभाच्या डोळ्याला पाणी आलं गं. मला तोंड दाखवायला जागा न्हाई."

"अगं, फुकट परत दिलंस की त्याला वाटतं एकाच माणसाचं आहे. आता कशाला हात लावू नकोस."

"बरं. तू जेवलीस का?"

"मीटिंग आहे आई. नंतर करते."

मीटिंग खरंच होती. निनादनं खुर्ची फिरवली आणि माझ्यासमोर दोन निकाल ठेवले. एक जयसिंगपूरच्या बायकांचा, दुसरा गेल्या महिन्यात पकडलेल्या एका खातेशेतीचा.

"यातला फरक मला दाखव," तो म्हणाला. "मला तुझ्या आईवर शंका नाही. पण यंत्राला समजेल असा फरक दाखव."

मी दोन दिवस बघत होते. फरक नव्हता. खातेशेतीवाला निर्लज्जपणे स्वतःलाच देत होता आणि या बायका आनंदानं एकमेकींना देत होत्या. आकड्यांत लाज आणि आनंद सारखेच दिसतात. चाळणीची भोकं आईसाठी मोठी केली असती तर शेडवालेही त्यातून गेले असते. तरी मी मतदानाला प्रस्ताव टाकला. तो पडला, आणि वाईट पडला. "बारा जणींसाठी आम्ही लाखोंनी बुडायचं का?" असं एकानं खाली लिहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या जागी मी असते तर हेच लिहिलं असतं.

उरला एकच मार्ग, वेगळेपण सिद्ध करायचा. मी आईला म्हटलं, तुम्ही भांडा. घासाघीस करा, नकार द्या, एकमेकींवर ओरडा.

त्या भांडल्या. गोठवलेल्या खात्यांनाही खेळात बोलता येतं आणि भाव करता येतो; मी पुण्यात बसून ऐकत होते. सुलभाकाकूंनी आईला असलं काही सुनावलं की ऑफिसातली मुलं हेडफोन मागायला लागली. परवीनभाभी आईला म्हणाल्या, "तेरी वखार को आग लगे!" आणि मग त्यांनाच हसू आवरेना. आईनं एका शिडाची किंमत इतकी लावली की तेवढ्यात गलबत आलं असतं. मला वाटलं, जमलं.

चाळणीचा निकाल आला : एकाच व्यक्तीचा स्वतःशी वाद. खात्री पूर्वीइतकीच. कारणही दिलं होतं. भांडणानंतर देवाणघेवाणीत काहीच फरक पडलेला नाही. आईला दिवसभर शिव्या घालणाऱ्या सुलभाकाकूंना संध्याकाळी कणकण आली, तर आईच त्यांच्याकडे मुगाचं कढण घेऊन गेली होती आणि रात्री तिथंच झोपली होती. फोननं ते सगळं पाहिलं होतं. माणूस स्वतःवर चिडतो, पण ताप आला तर स्वतःला औषध देतोच की. यंत्राचं काय चुकलं? मी आईवरच चिडले. म्हटलं, एक दिवस कढण नेलं नसतं तर सुलभाकाकू मरणार होत्या का?

मुदत पाडव्याला संपत होती; तो जवळ आला तशी मी आशा सोडली. रविवारच्या ठरलेल्या फोनवर आईला सांगितलं की आता बहुतेक काही होणार नाही, त्यांची खाती जळतील.

ती म्हणाली, "त्याला नेमकं काय बघायचं असतं? मला समजंल असं सांग."

"हिशेब," मी म्हटलं. "कुणी काही दिलं की त्याची परतफेड, तीही वेळेवर. विचारल्याशिवाय जायचं नाही, आधी कळवायचं. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही. भांडायची गरजच नाही आई, उलट अगदी नीट वागायचं. सभ्यपणे."

"अस्सं," आई म्हणाली. "एवढंच व्हय? मग त्यात अवघड काय हाय?"

मी हसले. आमच्या टीमला जे जमलं नव्हतं ते हिला काय जमणार, असं मनात आलं.

आठवड्यात पहिलं खातं सुटलं. परवीनभाभींचं. चाळणीनं लिहिलं होतं : मुख्य खात्याहून वेगळी व्यक्ती, शंका नाही. वेगळेपण मुख्य खात्यापुरतंच सिद्ध करायचं असतं. मग दोन दिवसांनी आणखी तिघींची सुटली. मग सुलभाकाकूंचं. प्रत्येकीचं गलबत, प्रत्येकीचं मिठागर जिच्या तिच्याकडे गेलं. पाडव्याच्या आधीच अकराच्या अकरा मोकळ्या झाल्या. ऑफिसात टाळ्या वाजल्या. मला तर विश्वासच बसेना. खोटं वागून चाळणीला फसवता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मग हे झालं कसं?

"जा आणि विचारून ये," निनाद म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "जयसिंगपूरच काय, गावोगावच्या अशा बायका अडकल्यात. तुझ्या आईची पद्धत मिळाली तर आपण ती सगळ्यांना शिकवू. खेळातच एक धडा टाकू."

मी गेले. जवळच सांगलीत हॉटेल घेतलं होतं, आईला उगाच धावपळ नको म्हणून. येण्याची वेळ तिला आधी कळवली होती. कुणाला त्रास द्यायचा नाही हा माझा पहिल्यापासूनचा स्वभाव आहे. तिनं लाडू पाठवले की कुरियरचे पैसे मी त्याच दिवशी तिच्या खात्यात टाकते.

घरात शिरले तर घर गप्प. दुपारची वेळ, म्हणजे एव्हाना हॉलमध्ये चार बायका, चहाचे कप आणि कुणाची तरी नात असायला हवी होती. आई एकटीच कोथिंबीर निवडत बसली होती. मला बघून हसली. वाळली होती.

मी बसते न बसते तोच बेल वाजली. दारात सुलभाकाकू. त्या आयुष्यात कधी बेल वाजवून आल्या नव्हत्या. त्यांनी आईच्या हातात एक स्टीलचा डबा दिला, माझ्याकडे बघून "बरी आहेस?" म्हणाल्या, आईला "थँक्यू हं" म्हणाल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच परत गेल्या.

आईनं डबा ओट्यावर ठेवला. मी उघडून बघितला. घासून लख्ख केलेला, कोरडा आणि रिकामा. आमच्या गल्लीत रिकामा डबा कधी कुणी परत केलेला मी पाहिला नव्हता. काही नाही तर चिमूटभर साखर असायचीच.

"आई, हे काय? भांडण झालं का खरंच?"

"न्हाई. कुणीच भांडलेलं न्हाई."

"मग तू केलंस काय? मला नीट सांग, ऑफिसला लिहून द्यायचंय. आम्हा इंजिनिअरांना जमलं नाही ते तुला कसं जमलं?"

आई कोथिंबिरीच्या काड्या बाजूला करत होती. तिचा आवाज साधाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"सुलभानं आमटी पाठवली की लगेच डबा घासून परत द्यायचा. थँक्यू म्हणायचं. परवीननं दळण आणलं की त्याचे पैसे हातावर ठेवायचे. ती नको म्हटली की फोनवरनं पाठवायचे. कुणी ये म्हटलं की म्हणायचं, बघतो, कळवतो. कुणी बोलत बसली की घड्याळाकडं बघायचं. फोन आला की, कामात हाय, नंतर करतो. आणि ठरलेल्या दिवशी मात्र न चुकता करायचा, सगळ्यांची चौकशी करायची, तब्येतीला जपा म्हणायचं." तिनं एक पिवळं पान काढून टाकलं. "तू सभ्यपणे वागायला सांगितलंस. मला दुसरं कुठलं ठाऊक हुतं? तू माझ्याशी वागतीस, तसं मी त्यांच्याशी वागलो."

मला आधी वाटलं ती टोमणा मारतेय. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तसं काही नव्हतं. टोमणा असता तर मी भांडले असते, आणि ते फार बरं झालं असतं. ती खरंच मला पद्धत सांगत होती, मी विचारली म्हणून. डोक्यात एवढंच फिरत राहिलं की यंत्राला शंका उरली नव्हती. तिनं माझी नक्कल केली आणि माझ्याच यंत्रानं शिक्का मारला, की असं वागणाऱ्या दोन बायकांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

"पहिले दोन दिवस लई अवघड गेलं," ती म्हणाली. "सुलभा रडली. परवीननं विचारलं, माझं काय चुकलं सांग. मला सांगता येईना. सांगितलं असतं तर ती परत पहिल्यासारखी वागली असती, आणि त्यांची गलबतं गेली असती. मग सवय झाली. त्यांनाबी झाली."

"आता सांग ना मग. सुटल्या ना सगळ्या."

"आणि परत एक ठरलो तर? परत जाळायला काढंल की तुझी चाळणी." तिनं माझ्याकडे बघितलं. "ती बंद हुणार हाय का?"

ती बंद होणार नव्हती. बंदर टिकलं होतं ते तिच्यामुळेच.

टेबलावरचा माझा फोन वाजला. निनाद. मी उचलला नाही. तो पुन्हा वाजला, आणि मग त्याचा निरोप आला : पद्धत कळली का, धडा कधी लिहायला घेऊ? आईनं तो वाचला. चष्मा नव्हता, तरी वाचला.

"सांग की त्याला," ती म्हणाली. "बाकीच्या बायकाबी सुटतील."

मी फोन उलटा ठेवला. बाहेर कुणीतरी गल्लीतून बोलत गेलं, पण आत आलं नाही.

"आई," मी म्हटलं, "मी आज इथंच राहू का?"

"राहा की. विचारतीस काय त्यात?" ती पटकन म्हणाली, आणि कोथिंबिरीची जुडी उचलून उठली. स्वयंपाकघराच्या दारात जरा थबकली. "पण तू विचारतीसच म्हणा."